प्वेब्लो मणी: फिरोजा आणि समुद्री शिंपल्याच्या दागिन्यांची घडण

अमेरिकेच्या नैऋत्य भागातील आदिवासी दागिने म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जाड चांदीत बसवलेला निळा खडा येतो. ती कला खरी आहे आणि देखणीही आहे. मात्र तिचे वय जेमतेम दीडशे वर्षांचे आहे. त्याच प्रदेशातील प्वेब्लो लोक त्याआधी किमान हजार वर्षे फिरोजाचे आणि समुद्री शिंपल्यांचे मणी घडवत आणि ओवत होते, आणि त्या घडणीत धातूची गरज कुठेच पडत नव्हती. म्हणून प्वेब्लो दागिना समजून घ्यायचा असेल तर कोंदणाऐवजी मण्याकडे पाहावे लागते. दगड कोठून आला, शिंपला किती लांबून आणला, भोक कशाने पाडले आणि हजारो मणी एकाच मापाचे कसे झाले, या प्रश्नांच्या उत्तरांत या कलेचे जवळजवळ सगळे मर्म सापडते.

प्वेब्लो ही एकच जमात नाही. न्यू मेक्सिको राज्यात आज 19 प्वेब्लो समाज आहेत, ॲरिझोनात होपी आहेत, आणि त्यांच्या भाषा एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की काहींचे परस्परांशी नातेही लागत नाही. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात तिथे पोहोचले तेव्हा त्यांना दगडमातीच्या बहुमजली घरांची, मक्याच्या शेतीवर जगणारी गावे दिसली. स्पॅनिशमध्ये प्वेब्लो म्हणजे गाव, त्यावरून हे नाव पडले. मणी घडवण्यासाठी यांतले सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे अल्बुकर्की आणि सांता फे या शहरांच्या दरम्यान रिओ ग्रांदे नदीकाठी वसलेले केवा, जे बराच काळ सांतो दोमिंगो या स्पॅनिश नावाने ओळखले जात होते. खडे घासण्यात, कोरण्यात आणि जडवण्यात पश्चिमेकडील झुनी गावाचा हात धरणारे फार थोडे आहेत.

आता दगडाकडे वळू. फिरोजा हे तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे जलयुक्त फॉस्फेट आहे. कोरड्या प्रदेशात क्वचित पडणारे पावसाचे पाणी तांब्याचा अंश असलेल्या खडकांतून झिरपत खाली उतरते, वाटेत ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस असलेल्या खनिजांशी त्याची प्रक्रिया होते, आणि खडकाच्या भेगांत पातळ शिरांच्या किंवा लहान गाठींच्या रूपाने फिरोजा साचतो. त्यामुळे तो पृष्ठभागापासून फार खोल सहसा आढळत नाही, आणि त्याचे मोठे सलग तुकडे दुर्मीळ असतात. निळा रंग तांब्यामुळे येतो. ॲल्युमिनियमची जागा काही प्रमाणात लोहाने घेतली की रंग हिरवट होतो. खड्यात दिसणारे तपकिरी किंवा काळे जाळे म्हणजे ज्या खडकात तो तयार झाला त्याचेच उरलेले धागे. फिरोजा सच्छिद्रही असतो. अंगावर वापरताना त्वचेचे तेल आणि घाम त्यात मुरतो, आणि वर्षानुवर्षे वापरलेला निळा मणी हळूहळू हिरवट होत जातो.

कठीणपणाच्या मोह्स मापावर फिरोजा 5 ते 6 च्या दरम्यान येतो, शिंपला साडेतीन ते चारच्या आसपास, आणि वालुकाश्मातले गारगोटीचे (क्वार्ट्झचे) कण 7 वर. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण संपूर्ण हस्तकला त्यांच्यावर उभी आहे. लोखंडाचे एकही अवजार हाती नसताना या लोकांनी दगड आणि शिंपला दोन्ही मनाजोगते घासले, ते केवळ त्यांच्या पायाखालच्या वालुकाश्मामुळे.

सांता फेच्या दक्षिणेला सेरियोस नावाच्या टेकड्या आहेत. तेथील फिरोजा युरोपीय लोक येण्याच्या कित्येक शतके आधीपासून काढला जात होता. तेथील माउंट चालचिवित्ल या टेकडीत दगडी घणांनी फोडून केलेला प्रचंड खड्डा आजही दिसतो. खडक फोडायचा, ढिगारा टोपल्यांतून वर आणायचा, त्यातून निळ्या शिरा वेचायच्या, आणि हे सगळे दगडाच्या अवजारांनी, असे ते काम होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच टेकड्यांतल्या खाणी व्यापारी कंपनीच्या हाती गेल्या आणि तेथला दगड न्यूयॉर्कच्या बड्या जवाहिऱ्यांच्या दुकानांपर्यंत पोहोचला. ज्यांच्या पूर्वजांनी ती टेकडी कोरली होती, त्यांना मात्र त्या जागेवर परके ठरवले गेले.

शिंपल्याची गोष्ट याहून नवलाची आहे. प्वेब्लो प्रदेश चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आणि वाळवंटी, तरीही त्यांच्या सर्वांत जुन्या दागिन्यांत समुद्र आहे. ओलिवेला नावाची लहान गोगलगाय कॅलिफोर्नियाच्या आखातात आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर मिळते. तिच्या कवचाचे मणी या भागात फार प्राचीन काळापासून आढळतात. केशरी, लाल आणि जांभळट छटांचे काटेरी स्पाँडिलस शिंपले आणि ग्लिसिमेरिस या जाड शिंपल्यांची कडी आखाताकडून आली. इंद्रधनुषी चमक असलेले अबालोनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून आले. हा माल दक्षिण ॲरिझोनाच्या वाळवंटातील होहोकाम लोकांसारख्या मधल्या समाजांच्या हातांतून, टप्प्याटप्प्याने पुढे सरकत असे. वाहतुकीला ना घोडा होता ना चाक; सगळा प्रवास माणसांच्या पाठीवरून होई.

या व्यापाराचे सर्वांत थक्क करणारे चित्र न्यू मेक्सिकोच्या वायव्येकडील चाको दरीत दिसते. साधारण इ. स. 850 ते 1150 या काळात तिथे दगडी बांधकामाच्या भव्य वास्तू उभ्या राहिल्या, आणि त्यांतली प्वेब्लो बोनितो ही सर्वांत प्रसिद्ध. चाकोत फिरोजाची खाण नाही. सेरियोस तिथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे, आणि आखाताचा किनारा तर सरळ रेषेत मोजला तरी सातशे किलोमीटरच्या आसपास भरतो. असे असूनही येथील उत्खननांत फिरोजाचे मणी, लोलक, जडावाचे तुकडे आणि घडवताना उडालेल्या कपच्या प्रचंड संख्येने सापडल्या. कपच्या सापडणे हे मण्यांइतकेच मोलाचे आहे, कारण त्यावरून दागिने तयार होऊन आले नव्हते, तर कच्चा दगड आणून मणी तिथेच घडवले जात होते, हे कळते. गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक टोके, म्हणजे भोक पाडण्याच्या सामत्याची पाती, काही घरांत मिळाली आहेत.

प्वेब्लो बोनितोतील 33 क्रमांकाची खोली लांबी-रुंदीने जेमतेम दोन मीटरची. 1896 मध्ये उत्खननकार जॉर्ज पेपर यांनी ती उघडली तेव्हा तिथे 14 व्यक्तींचे अवशेष होते, आणि लाकडी फळ्यांच्या तळाखाली पुरलेल्या दोन पुरुषांसोबत फिरोजाचे व शिंपल्याचे हजारो मणी, लोलक आणि शंख होते. पुढे 1920 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ नील जड यांना याच वास्तूत सुमारे अडीच हजार मण्यांचा फिरोजाचा हार मिळाला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने असे दाखवले की 33 क्रमांकाच्या खोलीतील नऊ व्यक्ती एकाच मातृवंशातील होत्या आणि तो वंश सुमारे तीनशे तीस वर्षे त्या खोलीशी जोडलेला राहिला. म्हणजे हा निळा दगड वाटेल त्याच्या गळ्यात पडत नव्हता. तो मान आणि सत्ता यांच्यासोबत आईकडून पुढे जाणाऱ्या घराण्यात राहत होता. मात्र या अभ्यासाआधी वंशज समाजांशी सल्लामसलत झाली नाही अशी टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. पुरलेली माणसे कोणाची तरी पूर्वज आहेत, आणि त्यांचे वंशज शंभर-दीडशे किलोमीटरवर आजही तेच मणी घालून नाचतात.

चाकोचा सगळा फिरोजा सेरियोसचाच, असे पूर्वी गृहीत धरले जाई. फिरोजातील हायड्रोजन आणि तांब्याच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे, प्रमाण खाणीगणिक थोडे बदलते. त्याच्या आधारे केलेल्या अलीकडच्या तपासणीत चाकोत अनेक खाणींचा, पश्चिमेकडील बऱ्याच दूरच्या खाणींचाही दगड आढळला. याच्या उलट, मेक्सिकोतील अझ्टेकांच्या जडावकामाचा दगड उत्तरेकडून, प्वेब्लो प्रदेशातून गेला असावा, ही फार लोकप्रिय समजूत होती. 2018 मध्ये शिसे आणि स्ट्राँशियम यांच्या समस्थानिकांवरून झालेल्या अभ्यासाने तो दगड मेसोअमेरिकेतलाच, म्हणजे मध्य-दक्षिण मेक्सिको आणि त्यालगतच्या प्रदेशातलाच, असल्याचे दाखवले. निळा रंग दिसला की एकच मूळ शोधण्याचा मोह आवरायला हवा, हे या दोन निष्कर्षांवरून पटते.

आता मणी कसा घडतो ते पाहू, कारण या दागिन्यांची किंमत समजण्याची किल्ली इथे आहे. केवा गावातील बारीक, चकतीसारख्या मण्यांना हीशी म्हणतात. मुळात हे नाव शिंपल्याच्या मण्यांचे. आज बाजारात ते दगडाच्या चकत्यांनाही लावले जाते. कारागीर प्रथम शिंपल्याच्या पट्ट्या कापतो आणि पकडीने त्यांचे लहान चौकोनी तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध भोक पाडायचे असते. पूर्वी हे काम दोरीने फिरणाऱ्या हातसामत्यावर होत असे: उभा दांडा, त्याच्या टोकाला पाते, खालच्या बाजूला वजनदार चकती, आणि दोरीने बांधलेली आडवी काठी, जी खाली दाबली की दांडा गरगर फिरतो आणि सोडली की दोरी आपोआप पुन्हा गुंडाळली जाते. आता बहुतेक ठिकाणी विजेचे यंत्र आले आहे, तरी तुकडा बोटांत किंवा चिमट्यात धरून नेमका मध्य साधणे हातालाच करावे लागते.

यानंतरची पायरी या कलेतली सर्वांत हुशारीची आहे. मणी एकेक करून गोल केले जात नाहीत. भोके पडलेले वेडेवाकडे चौकोन तारेत किंवा मजबूत दोऱ्यात घट्ट ओवले जातात, आणि तो अख्खा सर ओल्या वालुकाश्मावर पुढे-मागे फिरवत घासला जातो. आपल्याकडे सहाणेवर पाणी टाकून चंदन उगाळतात तेव्हा खोड जसे झिजत जाते, तसेच इथे शेकडो तुकड्यांचे कोपरे एकदम झिजतात. सर हळूहळू दंडगोल बनतो, आणि सगळे मणी एकमेकांना टेकून झिजल्यामुळे त्यांचा व्यास आपोआप सारखा होतो. एका टोकाला थोडा जास्त दाब दिला की सर त्या बाजूला निमुळता होतो; मध्यभागी जाड आणि मानेकडे बारीक होत जाणारे हार असेच साधतात. मग अधिकाधिक बारीक घासपेपर आणि शेवटी चामडे किंवा कापड वापरून झिलई आणली जाते. हल्ली वालुकाश्माची जागा विजेच्या चाकाने घेतली आहे, पण सराला बोटांनी आधार देत फिरवण्याचे तंत्र तेच आहे.

फिरोजाच्या बाबतीत हे सगळे अधिक अवघड होते. तो शिंपल्यापेक्षा कठीण असला तरी ठिसूळ आहे; घासताना सरातले मणी तडकतात, कपच्या उडतात, आणि सुरुवातीच्या दगडाचा फार मोठा हिस्सा धूळ होऊन जातो. दोन्हींचा झिजण्याचा वेग वेगळा असल्यामुळे शिंपल्याचे आणि फिरोजाचे सर सहसा वेगवेगळे घासून नंतर एकत्र ओवतात. ही धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून पाणी आणि तोंडावरचे आवरण या गोष्टी कारागिराच्या आरोग्याशी निगडित आहेत. उत्तम प्रतीची हीशी इतकी बारीक असते की सर हातातून ओढला तर तो मण्यांचा न वाटता एखाद्या मऊ दोरीसारखा घसरतो. जुने कारागीर आणि जाणकार संग्राहक हीच परीक्षा वापरतात: डोळे मिटून सर बोटांतून सोडायचा आणि कुठे खरखर लागते का ते पाहायचे.

घडवलेल्या मण्यांतून काही ठराविक रूपे तयार होतात. एकपदरी किंवा अनेकपदरी हार हे मूळ रूप. त्याच्या खालच्या टोकाला कधी मण्यांची दोन लहान वेटोळी लटकतात, ज्यांना शेजारच्या नावाहो लोकांच्या भाषेतून आलेले जाक्ला हे नाव रूढ आहे. ही मुळात कानात घालायची वेटोळी. कानातून काढली की हाराला बांधून ठेवण्याची पद्धत पडली, आणि पुढे तोच दागिन्याचा भाग झाला. दुसरे रूप म्हणजे शिंपल्यावरचा जडाव. अख्ख्या शिंपल्याच्या पाठीवर राळेसारख्या चिकट पदार्थाने फिरोजाचे पातळ तुकडे बसवायचे, मधे काळ्या जेट दगडाची किंवा लाल शिंपल्याची ओळ सोडायची आणि वरून सगळे सपाट घासायचे. प्राचीन जडावांत बेडकाची आकृती वारंवार दिसते. चाकोत सापडलेला फिरोजाचे डोळे असलेला जेटचा बेडूक जगप्रसिद्ध आहे. कोरड्या प्रदेशात मक्याची शेती करणाऱ्यांना बेडूक, समुद्राचा शिंपला आणि आभाळाच्या रंगाचा दगड हे तिन्ही का प्रिय असावेत, हे आपल्यासारख्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकरी समाजाला वेगळे सांगायला नको.

धार्मिक अर्थांबद्दल मी इथे फार लिहिणार नाही, आणि तसे करण्यामागे विचार आहे. प्वेब्लो समाज आपले विधी बाहेरच्यांना समजावून सांगण्यास स्वतःला बांधील मानत नाहीत. केवा गावात छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. दर वर्षी 4 ऑगस्टला तिथे होणाऱ्या मक्याच्या नृत्यात स्त्री-पुरुष फिरोजाचे आणि शिंपल्याचे हार घालून उतरतात आणि पाहुण्यांना ते पाहता येते. दागिना नाचण्यासाठी, प्रार्थनेसाठी आणि घरात पुढच्या पिढीला देण्यासाठी असतो; विक्री हा त्याचा नंतरचा उपयोग आहे, एवढे समजले तरी पुरेसे आहे.

चांदी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नावाहो लोकांनी ती कला मेक्सिकन कारागिरांकडून उचलली आणि 1870 च्या दशकात ती नावाहोंकडून झुनींकडे पोहोचली. झुनींनी तिला आपल्या खडेकामाशी जोडले आणि सुईच्या टोकाएवढ्या खड्यांच्या ओळी, जडाव, लहान कोरीव प्राण्यांचे हार अशा शैली विकसित केल्या. झुनी कारागीर लीक्या देयूसे यांचे कोरीव प्राणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विशेष गाजले. केवा गाव मात्र बराच काळ मण्यांशीच निष्ठा राखून राहिले, आणि तेथील माणसे आपले हार घेऊन दूरदूरच्या गावांत व्यापारासाठी फिरत असत.

विसाव्या शतकातला एक कालखंड मला फार आवडतो, कारण त्यात या कलेची खरी जिद्द दिसते. 1930 च्या दशकातील महामंदीत फिरोजा आणि जेट विकत घेणे केवातील कुटुंबांना परवडेनासे झाले. तेव्हा त्यांनी मोटारींच्या निकामी बॅटऱ्यांची कठीण रबराची काळी आवरणे, ग्रामोफोनच्या तबकड्या, रंगीत प्लॅस्टिकचे कंगवे आणि दात घासायचे ब्रश हा माल कापून वापरला. त्यावर फिरोजाच्या बारीक कपच्या चिकटवून गरुडासारख्या पक्ष्याचे पदक बनवले आणि हाराला लावले. हे हार रेल्वे स्थानकांवर आणि 1926 मध्ये आखलेल्या, सुरुवातीला केवाजवळून जाणाऱ्या रूट 66 महामार्गावर प्रवाशांना अगदी थोड्या किमतीत विकले गेले. काही काळ जाणकारांनी त्यांना स्वस्त पर्यटकी वस्तू म्हणून नाक मुरडले. आता संग्रहालये ते जपून ठेवतात, आणि योग्यच करतात. लाल शिंपल्याच्या जागी लाल कंगवा आणि जेटच्या जागी बॅटरीचे आवरण आले, तरी रंगांची मांडणी आणि तुकडे चिकटवून घासण्याचे तंत्र चाकोतल्या जडावाशी थेट नाते सांगते. 1970 च्या दशकात केवाच्या अँजी रिआनो ओवेन यांनी शिंपल्यावरच्या प्राचीन जडावाचा अभ्यास करून तो पुन्हा उत्तम साहित्यात घडवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या पाठीशी मंदीच्या काळात हात चालू ठेवणारी आधीची पिढी होती.

त्याच 1970 च्या दशकात अमेरिकेत आदिवासी दागिन्यांची मोठी लाट आली आणि तिच्यासोबत नकलाही आल्या. फिलिपिन्ससारख्या देशांत यंत्रावर घडवलेली शिंपल्याची हीशी प्वेब्लो म्हणून विकली जाऊ लागली. 1990 च्या केंद्रीय कायद्याने, आदिवासींनी न घडवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्यासाठी व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही 2015 मध्ये उघडकीस आलेल्या मोठ्या तपासात फिलिपिन्समध्ये बनलेला माल न्यू मेक्सिकोच्या दुकानांत आदिवासी माल म्हणून विकला जात असल्याचे दिसले. यात तोटा केवळ ग्राहकाचा नाही. हाताने एक सर घडवायला लागणाऱ्या दिवसांची किंमत यंत्राच्या मालाशी स्पर्धा करू शकत नाही, आणि भाव पडले की तरुण मंडळी हे काम सोडतात.

दगडाच्या बाबतीतही स्पष्ट विचारणा करणे भाग आहे. बाजारातील बराचसा मऊ फिरोजा राळ मुरवून कठीण केलेला असतो. तो खराच दगड असतो, पण तसे सांगितले गेले पाहिजे. चुरा आणि राळ यांचे ठोकळे, किंवा रंगवलेले पांढरे हाउलाइट आणि मॅग्नेसाइट हे मात्र वेगळेच पदार्थ आहेत. ॲरिझोनातील स्लीपिंग ब्यूटी या खाणीतून निघणाऱ्या स्वच्छ निळ्या दगडाचे काम 2012 मध्ये थांबल्यापासून चांगल्या नैसर्गिक फिरोजाचे भाव चढले आणि मिश्रणाचा मोह वाढला. म्हणून विकत घेणाऱ्याने मणी कोणी घडवला, तो कोणत्या गावचा, दगड नैसर्गिक की प्रक्रिया केलेला, शिंपला कोणता, हे विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. सांता फे शहरातील जुन्या गव्हर्नर वाड्याच्या पडवीत आणि 1922 पासून भरणाऱ्या तेथील आदिवासी बाजारात कारागीर स्वतः समोर बसलेले असतात, आणि हे प्रश्न त्यांना मुळीच खटकत नाहीत.

जुना हार विकत घेताना किंवा संग्रहालयात पाहताना आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. दोरा झिजतो आणि तुटतो, मणी टिकतात. त्यामुळे हार पुन्हा पुन्हा ओवले जातात. ओवताना आजीच्या सरातले मणी, कोणाकडून देवाणघेवाणीत आलेले मणी आणि प्राचीन वस्तीच्या जागी मातीत सापडलेले मणी एकाच हारात येऊ शकतात. अशा हाराला एकच वर्ष लावता येत नाही. भोकांची तपासणी केली तर दोन्ही बाजूंनी दगडी पात्याने पाडलेले, मधे अरुंद झालेले जुने भोक आणि विजेच्या यंत्राने पाडलेले सरळ भोक एकाच दोऱ्यावर शेजारी शेजारी आढळते, आणि त्यावरून त्या हाराच्या किमान दोन ओवणींचा माग काढता येतो.